उणे चाळीस

ऑरिन हॅस्केलने नोझल ओढले आणि ते आले नाही. त्याने पुन्हा ओढले. खांद्याला बारीकसा हिसका बसला, गाडी जागच्या जागी किंचित डोलली, एवढेच. टाकी भरून झाली होती, पंपाचा हिरवा दिवा लागला होता, पडद्याने त्याचे आभारही मानले होते. पण ती जाड काळी नळी गाडीच्या कुशीत तोंड खुपसून बसली होती ती बसलीच होती. नोझलभोवती पांढरे बर्फ धरले होते, जुन्या फ्रिजच्या वरच्या खणात धरते तसे. समुद्रावरून आलेले जूनचे मळभ अजून हटले नव्हते आणि हवा इतकी ओलसर होती की चष्म्याची काच दोनदा पुसूनही धुरकट राहत होती. अशा हवेत हे असे होणार, हे सबंध टॉरन्स गावात त्याच्याइतके पक्के क्वचितच कुणाला ठाऊक असेल. आधीच्या माणसाने ठेवलेले नोझल ओले असते, ते कोरड्या फडक्याने पुसावे आणि मगच लावावे, हा हायड्रोजनच्या गाडीवाल्यांचा पहिला धडा. फडके त्याच्या खिशात होते. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"अडकलं का, प्रोफेसर?" मागच्या निळ्या गाडीच्या खिडकीतून आवाज आला.

तो प्रोफेसर कधीच नव्हता. पण आर्लीन कितावकाला पहिल्यांदा भेटला तेव्हा तिची टाकी अर्धीच का भरली हे त्याने तिला इतक्या सविस्तर समजावून सांगितले होते, की त्या दिवसापासून तिने त्याला ही पदवी बहाल करून टाकली. आर्लीनने सारा जन्म शाळेची बस चालवली होती. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा तिचा आवाज होता, आणि निवृत्त झाल्यावरही तो लहान करायचे तिला सुचले नव्हते.

"अडकलं," ऑरिन म्हणाला.

"पुसलं नव्हतं?"

"पुसलं होतं," तो म्हणाला, आणि लगेच, "नाही. विसरलो."

"तुम्ही? विसरलात?" ती दार उघडून उतरलीच. "अहो, याच्यावरून तीनदा ओरडलायत तुम्ही मला. ओरडलात म्हणजे तुमच्या भाषेत. घसा खाकरलात."

ऑरिनने आता घसा खाकरला नाही. आपण का विसरलो हे त्याला माहीत होते आणि ते तिला सांगण्यासारखे नव्हते. पंपाच्या खांबावर चिकटवलेला कागद तो गेला पंधरवडा वाचत होता, आणि त्यावरची तारीख उद्याची होती: हा पंप कायमचा बंद. गिऱ्हाईक थोडे, दुरुस्त्या फार. उद्यापासून त्याला हायड्रोजन भरायला पूर्वेला लाँग बीचच्या बाजूला जावे लागणार होते, आणि आर्लीन राहत होती गार्डीनाला, तिला उत्तरेचा विमानतळाजवळचा पंप जवळ. म्हणजे उद्यापासून ती त्याला दिसणार नव्हती. गेले वर्षभर ती दोघे इथेच भेटत होती, फक्त इथे. तिचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता, आणि नंबर मागायला जे कारण लागते ते त्याला वर्षभरात सापडले नव्हते. म्हणून आज त्याने घरून एक वाक्य तयार करून आणले होते. "आपण एकदा कॉफी घ्यायला जाऊ या का?" त्यातला 'एकदा' त्याने रात्री काढून टाकला होता, सकाळी दाढी करताना परत घातला होता. पुलावरून येताना त्याला वाटले, 'का' नको, त्यात याचना आहे. मग वाटले, 'का' नसेल तर हुकूम वाटेल. त्या 'का'पाशी असतानाच त्याने नोझल उचलले आणि ओलेच लावून टाकले.

"आता गदागदा हलवू नका," आर्लीन म्हणाली. "मागच्या आठवड्यात एकाने हलवून हलवून ते बाहेरचं झाकणच तोडलं. फडकं काढा."

त्याने फडके काढले, नोझलच्या गळ्याभोवती गुंडाळले आणि त्यावर तळहात ठेवला. इथली हीच रीत होती. पंपाच्या कंपनीने अशा वेळी नंबर फिरवायला सांगितले होते, पण नंबर फिरवला तर संगीत ऐकू येई आणि माणूस दुपारी येई. त्यापेक्षा गाडीवाल्यांनी आपला उपाय काढला होता: फडके, हात आणि गप्पा. बर्फ आपोआप सैल होते. आर्लीनने आपलाही हात पलीकडच्या बाजूने ठेवला. "एका हातानं काय होणार," ती म्हणाली. तिची बोटे आखूड होती, आणि एका नखात मातीची काळी रेघ होती. फडके मध्ये होते, तरी ऑरिनने श्वास थोडा जपूनच घेतला.

काहीतरी बोलायला हवे होते. त्याने ते वाक्य मनात उचलून पाहिले. "गॅस इथून बाहेर येतो तेव्हा उणे चाळीस असतो," तो म्हणाला. "भरताना टाकी तापते ना, म्हणून आधीच इतका गार करतात. आणि उणे चाळीसची गंमत अशी, की तिथं फॅरनहाइट आणि सेल्सिअस दोन्ही सारखेच."

"हे मागच्या महिन्यात सांगितलंत."

"हो का?"

"नाताळातही सांगितलं होतं."

"मग राहू दे."

"राहू दे कशाला? सांगा. मला आवडतं. दर वेळी तुम्हाला नव्यानंच आश्चर्य वाटतं."

तिच्या मागच्या पांढऱ्या गाडीतून थुआनने डोके बाहेर काढले. थुआन विमानतळावर भाडी मारायचा. सबंध रांगेत पोटासाठी गाडी चालवणारा तो एकटाच, त्यामुळे घाई फक्त त्यालाच असे. "काका, डोनटवाल्याकडून गरम पाणी आणू का? ओतू वरनं!"

"नको नको!" ऑरिन जवळजवळ किंचाळला. "तेच पाणी गोठेल मग. आणखी जाड."

"मग काय करायचं?"

"थांबायचं," आर्लीन म्हणाली. "तसंही तुला थांबावंच लागणार आहे. पंपाला दम घेऊ दे. पुढच्यानं नुकतंच भरलंय, लगेच भरशील तर अर्धीच मिळेल. विचार प्रोफेसरांना."

थुआनने हात जोडले आणि डोके आत घेतले.

थांबायचं. ऑरिनचे सगळे आयुष्य या एकाच शब्दात गेले होते. तरुणपणी वाळवंटातल्या एका चाचणी-केंद्रात त्याला नोकरी लागली, तेव्हा हायड्रोजनची ज्योत दिवसा दिसत नाही ही गोष्ट त्याने पुस्तकात वाचलेली होती. पहिल्याच दिवशी त्याच्या हातात एक लांब दांड्याचा झाडू देण्यात आला आणि सांगण्यात आले की नळांच्या कडेने चालताना हा पुढे धरून चाल. झाडूचे टोक पेटले तर समज, पुढे आग आहे. वर्ना, त्याची बायको, एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला तिथे आली होती. फाटकापाशी उभी राहून तिने आपल्या नवऱ्याला भर उन्हात, पांढरा शर्ट, टाय, आणि पुढे झाडू, असा गंभीरपणे चालत येताना पाहिले. घरी आल्यावर ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "घरी कधी झाडूला हात लावला नाहीस," ती म्हणाली होती, "आणि तिथे त्याचा पगार घेतोस!" पुढे कितीतरी वर्षे पाहुण्यांना ती हीच ओळख करून देई: हे माझे यजमान, सरकारी झाडूवाले. वर्ना जाऊन पाच वर्षे झाली. ती आठवण आली की पूर्वी छातीत काहीतरी आवळून यायचे; हल्ली आधी हसू येते, आणि आवळणे मागून येते, कधी कधी येतही नाही. याबद्दल त्याला थोडे अपराधी वाटे आणि थोडे बरेही वाटे.

झाडू गेला, आग ओळखणारे संवेदक आले. मग ऑरिन पोलादाकडे वळला. हायड्रोजनचा अणू जगात सर्वांत लहान. तो पोलादाच्या आत शिरतो, जिथे शिरायला जागाच नाही तिथेही जागा करतो, आणि आत बसून राहतो. बाहेरून पोलाद पूर्वीसारखेच चकचकीत. मग एके दिवशी, फारसा भार नसताना, ते काचेसारखे तडकते. कोणते पोलाद तडकते, किती दाबाला, किती दिवसांनी, हे पाहणे हे ऑरिनचे काम झाले. तो पोलादाच्या सळ्या हायड्रोजनने भरलेल्या भांड्यात ताणून ठेवायचा आणि त्या तुटायची वाट पाहायचा. वाट पाहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने सुचवलेल्या मिश्रधातूच्या झडपा आता कुठकुठे बसल्या होत्या. या पंपाच्या पोटात त्या आहेत की नाहीत हे त्याला ठाऊक नव्हते, आणि विचारायचा त्याला संकोच वाटे. असतील तर आणि नसतील तर, दोन्ही उत्तरांची भीती वाटे.

त्याच्या मुलाला, क्रेगला, या सगळ्याची गंमत वाटायची. क्रेगची गाडी बॅटरीची. ती रात्री घरच्या भिंतीला लावायची आणि सकाळी काढायची, विषय संपला. "बाबा," तो म्हणायचा, "तुम्ही वीज घालून पाण्यातून हायड्रोजन काढता, मग तो दाबता, मग गार करता, मग गाडीत घालून त्याची परत वीज करता. शंभर भाकऱ्या थापायच्या आणि तीस घरी न्यायच्या. आणि तेही जो पाण्यातून काढतात त्याचं. तुमच्या पंपावरचा बराचसा तर जमिनीतल्या गॅसपासूनच काढलेला असतो." यावर ऑरिनकडे उत्तर होते, पण ते लांब होते. लहान गाड्यांचे राहू दे, पण जहाजांना भिंतीला लावता येत नाही. पोलादाच्या भट्टीला बॅटरी पुरत नाही. वारा रात्री नको तेव्हा वाहतो, ऊन नको तेव्हा पडते. त्यांची वीज साठवायची कशात? उत्तराच्या मध्यावर आले की क्रेग नेहमी म्हणे, "बरं, बाबा, जेवू या." आणि तो जेवत असे. खरे सांगायचे तर ऑरिनला स्वतःलाही कधी कधी वाटे की क्रेगचेच बरोबर असेल. रात्री झोप मोडली की वाटे, आपण आयुष्यभर चुकीच्या सळईला ताण देत बसलो.

पण आज त्याच्या डोक्यात निराळेच काहीतरी घोळत होते, आणि ते इतके बेशिस्त होते की त्याला हसू यायला लागले. हा पंप जर नीट चालत असता, तर? दाब टिकला असता, नोझल गोठले नसते, एका गाडीनंतर दुसरीला ताटकळावे लागले नसते. तीन मिनिटांत टाकी भरून माणूस निघून गेला असता, साध्या पेट्रोल पंपावर जातो तसा. साध्या पेट्रोल पंपावर तो चाळीस वर्षे जात होता. तिथे त्याची कुणाशीही ओळख झाली नव्हती. ज्या दोषांच्या मागे तो जन्मभर हात धुऊन लागला होता ते दोष जर त्याला खरोखरच घालवता आले असते, तर आर्लीन कितावका नावाची बाई त्याला कधीही भेटली नसती. भाताच्या लादीवर तळलेल्या मांसाचा काप आणि त्याला शेवाळाचा पट्टा बांधलेला, असे दोन घास डब्यात घालून आणणारी आणि एक न विचारता त्याच्या हातात ठेवणारी. गाडीखालून धुराऐवजी ठिबकणारे स्वच्छ पाणी वाया जाते म्हणून गाडी अंगणात अशा बेताने उभी करणारी, की ते नेमके जिरेनियमच्या कुंडीत पडावे. ("वाढलंय का ते?" त्याने एकदा विचारले होते. "मेलं," आर्लीन म्हणाली होती. "पण माझ्या पाण्यानं नाही, शेजाऱ्याच्या कुत्र्यानं.") आपल्या अपयशाची ही बाजू त्याने कोणत्याच अहवालात मांडली नव्हती.

"हसताय कशाला?" आर्लीन म्हणाली.

"काही नाही. वाटलं, हे आणखी थोडा वेळ अडकून राहिलं तरी चालेल."

तो हे बोलून गेला आणि स्वतःच दचकला. घरून आणलेले वाक्य हे नव्हते. आर्लीनने त्याच्याकडे पाहिले असावे. तो फडक्याकडे पाहत होता.

त्याच वेळी समोरच्या रस्त्यावरून एक मोठा ट्रक गेला. बंदरावरून आलेला, मागे लाल कंटेनर, केबिनच्या पाठीशी उभ्या टाक्या. सिग्नलला थांबला, सुटला. एवढे धूड चढावर निघाले आणि आवाज म्हणाल तर टायरांचा तेवढा. धूर नाही. खाली रस्त्यावर फक्त ओल्या थेंबांची एक वाकडी रेघ उमटली. बंदराकडच्या वस्तीत मुलांना दम्याचे पंप घेऊन शाळेत जावे लागते, हे आर्लीननेच त्याला सांगितले होते. तिच्या बसमध्ये प्रत्येक बाकावर एक तरी असायचा.

"तुमच्यातलाच ना तो?" ती म्हणाली.

"हो. हायड्रोजनवरचा."

"बघा. पंप बंद करतायत आणि ट्रक काढतायत. माणसांना एका वेळी एकच वेडेपणा जमत नाही." मग थोड्या वेळाने, "माझ्या बसला असलं इंजिन असतं ना, तर मी मागं बसलेल्या पोरांच्या शिव्या नीट ऐकल्या असत्या. डिझेलच्या आवाजात सगळ्या वाया गेल्या."

ऑरिन हसला, आणि त्याच्या हसण्याचा धक्का लागून म्हणा, किंवा वेळ झाली होती म्हणून म्हणा, फडक्याच्या आत काहीतरी टचकन उकलले. नोझल सुटून त्याच्या हातात आले. ते इतक्या सहज आले की तो एक पाऊल मागे गेला. थुआनने मागून टाळ्या वाजवल्या. ऑरिनने नोझल जागेवर टांगले. आता त्याला इथे थांबायचे काही कारण उरले नव्हते. त्याने गाडीत बसून ती पुढे कडेला घेतली, उतरला, आणि आधीच स्वच्छ असलेली समोरची काच पुसायला लागला. 'एकदा' हवा की नको? आर्लीनने गाडी पंपाला लावली. तिने नोझल घेतले, खिशातून कागदी रुमाल काढला आणि ऑरिनला दिसेल अशा रीतीने, सावकाश, सगळ्या बाजूंनी ते पुसले. मग लावले. पंप घुमायला लागला.

आणि लगेच थांबला. हिरवा दिवा. पडद्याने आभार मानले.

"झालं?" थुआन गाडीतून उतरलाच. "मावशी, एवढ्यात?" तो पडद्यापाशी गेला, वाकला, परत सरळ झाला. "शून्य! अहो, काहीच गेलं नाही आत!"

दाबमापक बिघडला असेल, ऑरिनच्या मनात आले. किंवा गाडी आणि पंप यांचे आपसात बोलणे तुटले असेल. तसे झाले की पंप घाबरून बंद पडतो. किंवा टाकी आधीच तापलेली असेल. तो काच पुसायचे फडके हातात घेऊन निघालाच, तिन्ही कारणे क्रमाने तपासायला.

"टाकी फुल्ल आहे हिची!" थुआन म्हणाला. तो आता पुरता रंगात आला होता. "थांबा, थांबा. काल संध्याकाळी माझ्या पुढे निळी गाडी होती इथे. तुमचीच ना? मला तुम्ही तो भाताचा घासही दिलात की! मावशी, काल भरलंत, आणि आज परत लायनीत? शेवटच्या दिवशी? माझं गिऱ्हाईक तिकडे बॅगा घेऊन उभं राहील हो!"

"राहू दे उभं," आर्लीन म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नव्हता. "गाडी चालवतोस फार, बोलतोस मात्र त्याहून. भर तुझी."

"पण कशाला आलात?"

"पंप बंद व्हायचाय. बघायला आले."

ऑरिन मध्येच उभा होता. तीन कारणे त्याच्या हातात होती आणि एकही लागू पडत नव्हते. चौथे कारण त्याला सुचायला वेळ लागला. पोलादात शिरावे तसे ते कुठूनतरी, जागा नसताना, आत आले, आणि आत आल्यावर त्याला कळले की आपले कान तापले आहेत. आर्लीन नोझल टांगत होती. त्याच्याकडे तिची पाठ होती आणि ती लागते त्यापेक्षा बराच जास्त वेळ ते टांगत होती.

"माझीही पाऊण भरलेली होती," ऑरिन म्हणाला.

ती वळली. "काय?"

"टाकी. आज भरायची तशी गरज नव्हती. आठवडाभर गेली असती."

आर्लीनने त्याच्याकडे पाहिले, मग ती हसायला लागली, आणि तो आवाज आता पार पलीकडच्या डोनटच्या दुकानापर्यंत गेला असावा, कारण काचेआडून कुणीतरी मान वर केली. "दोघंही वेडे," ती म्हणाली. "आणि मधे हा बिचारा विमानं चुकवतोय."

"काका, मावशी," थुआन म्हणाला, "तुमचं लग्नाचं वगैरे नंतर बघा. ती गाडी आधी पुढं घ्या."

तिने गाडी पुढे घेतली, ऑरिनच्या गाडीच्या शेजारी. खिडकीची काच खाली आली. घरून आणलेले वाक्य ऑरिनने शोधले; ते कुठे पडले होते कोण जाणे, आणि न सापडल्याचे त्याला फारसे वाईटही वाटले नाही.

"आता दोन्ही भरलेल्या आहेत," तो म्हणाला.

"हो ना. मग जायचं कुठं?"

याचा विचार त्याने केला नव्हता. त्याचा सगळा बेत एका कपाशी संपत होता. "कुठं म्हणजे... तुम्हाला कुठं..."

"किनाऱ्यानं वर. मळभ संपेपर्यंत. वर कुठंतरी ऊन असेलच."

"त्या बाजूला पुढं पंप नाहीत. म्हणजे जाताना किती आणि येताना चढ धरून किती, ते आधी—"

"प्रोफेसर."

"हं?"

"बसा."

तो पलीकडून जाऊन तिच्या शेजारी बसला. आतमध्ये मातीचा आणि भाताचा वास येत होता. त्याने पट्टा लावला, आणि मागून थुआन ओरडला, "काका! तुमच्या गाडीचं दार!" खरेच, ते सताड उघडे होते. ऑरिनला उतरावे लागले. तो गेला, दार लावले, कुलूप लागले की नाही ते दोनदा पाहिले, आणि मागे वळायच्या आधी क्षणभर तसाच उभा राहिला. डिझेलची बस असती तर कानांनीच कळले असते. या गाड्यांना आवाजच नाही. ती थांबली आहे की निघून गेली आहे, हे तिच्याकडे पाहिल्याशिवाय समजायला काहीही मार्ग नव्हता. त्याने पाहिले.